पोह्यांच्या गिरणीतला अंगारा

भगव्या कफनीखाली कंपनीचे सेफ्टी शूज घालणारा सिद्धपुरुष मी आयुष्यात एकच पाहिला. काळे, जाड सोलचे, पुढे बोटांवर लोखंडाची वाटी बसवलेले बूट. बाकी सगळं साग्रसंगीत होतं. छातीपर्यंत दाढी, गळ्यात रुद्राक्षांच्या माळा, कपाळावर राखेचे तीन पट्टे. नजर खाली गेली की मात्र गिरनार संपायचा आणि रोह्याची एमआयडीसी सुरू व्हायची. एकदा मी विचारलंच, बुवा, हे बूट कशाला? तर म्हणाले, "ताई, सेफ्टी फर्स्ट. पायावर काय पडलं तर देव नाय येत उचलायला."

इतकं खरं वाक्य त्यांच्या तोंडून मी त्यानंतर एकदाच ऐकलं. ते पुढे सांगते.

त्यांचं नाव सांगत नाही, कारण त्यांचे निम्मे भक्त आमचे गिऱ्हाईक आहेत. पेणजवळच्या जोहे गावात आमचा गणपतींचा कारखाना आहे. वडील आणि काका गेल्यापासून तो मी आणि काकी चालवतो. मी राहते पेणला, रामवाडीत. सकाळच्या बसने जोह्याला जायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं, असा माझा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. या बसमध्येच मी बुवांना पहिल्यांदा पाहिलं. सीटवर मांडी घालून बसले होते आणि कंडक्टरशी अर्ध्या तिकिटावरून भांडत होते. कंडक्टर आधार कार्ड मागत होता. बुवा म्हणत होते, संन्याशाला वय नसतं. मग कार्ड काढलं. त्यावर वयही होतं आणि दाढी नसलेला फोटोही होता.

बुवांच्या म्हणण्याप्रमाणे ते बारा वर्षं गिरनारच्या गुहेत होते. माझ्या नवऱ्याच्या मामांच्या म्हणण्याप्रमाणे ती बारा वर्षं ते रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. मामा त्यांच्याच शिफ्टला. "गुहा कसली? बॉयलरच्या मागं झोपायचा. पण झोप काय, अगदी समाधी!" असं मामा कौतुकानं सांगायचे.

नोकरी सुटली, पण कंपनी काही त्यांच्या अंगातून गेली नाही. देव नंतर अंगात आला, त्यानं बिचाऱ्यानं उरलेल्या जागेत आपलं बस्तान मांडलं. सोमवार ते बुधवार पेण, गुरुवार-शुक्रवार रोहा, शनिवारी मधली गावं आणि रविवारी वीकली ऑफ. रविवारी कुणी तापानं फणफणलेलं पोर घेऊन दारात आलं, तर बुवा लुंगी-बनियनवर बाहेर येऊन सांगायचे, "आज देव सुट्टीवर हाय. उद्या फर्स्ट शिफ्टला या." अंगात आलं की हिंदी बोलायचे. "बच्चा, तेरे घर में छाया है," वगैरे. छाया उतरली की चहा मागायचे, तो मराठीत, बिनसाखरेचा. साखर का नको, तर म्हणे साधनेला चालत नाही. त्यांच्या पिशवीत शुगरच्या गोळ्यांचं पाकीट मी स्वतः पाहिलंय. गोळ्या मात्र वेळेवर घ्यायचे हो, त्यात कधी हयगय नाही.

आणि त्यांचा एक ठेवणीतला शब्द होता. कुणाचा दमा जात नाही, कुणाला मूल होत नाही, कुणाचा गुडघा अंगारा लावूनही तसाच. अशा तक्रारी आल्या की बुवा डोळे मिटायचे, बोट वर करायचे आणि म्हणायचे, "प्रोसेस चालू आहे." झालं. माणूस निमूट परत जायचा. सात वर्षं झाली तरी प्रोसेस चालू. एक म्हातारे या प्रोसेसमध्येच वारले. तेव्हा बुवा तेराव्याला येऊन जेवले आणि मुलाला म्हणाले, "कम्प्लीट झाली."

अंगाऱ्याचं मूळ मला योगायोगानं कळलं. रोह्याला काही कामासाठी गेले होते, येताना पोहे घ्यावेत म्हणून गिरणीत शिरले. तिथं मागं भट्टीत भाताचं तूस जाळतात. तर भट्टीमागे बुवा उकिडवे बसलेले. पत्र्याच्या डब्यात राख भरत होते आणि चहाच्या गाळणीनं गाळत होते. बाजूला चंदनाच्या वासाच्या टाल्कम पावडरचा डबा. मला वाटलं, आता हा माणूस तोंड लपवील. छे! वर बघून हसले. "ताई, तुम्ही पण इथंच? जाडे पोहे घ्या, पातळ नका घेऊ."

या सगळ्याला मी हसत होते. बसमध्ये मैत्रिणींना नक्कल करून दाखवत होते. काकीचे डोळे जायला लागेपर्यंत मला बुवा म्हणजे फुकटची करमणूक वाटत होती. हे मी आता कबूल करते.

आमच्या धंद्यात डोळे सगळ्यात शेवटी काढतात. मूर्ती रंगून, दागिने होऊन तयार झाली की मग डोळ्यांची आखणी. समोर पाटावर बसलेल्या माणसाला वाटलं पाहिजे, की बाप्पा माझ्याकडेच बघतोय. केसभर रेघ हलली की नजर फिरते. आमच्याकडे ही आखणी चाळीस वर्षं काकी करते. आखणी करताना बोलत नाही, कुणी बोललेलं तिला खपत नाही. एका वर्षी गणपती बसले आणि दुसऱ्याच दिवशी रामवाडीतल्या आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "तुमचा बाप्पा आमच्याकडं बघतच नाय हो. शेजारणीच्या खिडकीकडं बघतोय." मी हसले. मग दुसरा फोन आला, मग तिसरा. त्या वर्षी आमचे डझनभर बाप्पा कुणी दाराकडे, कुणी फ्रिजकडे बघत दीड दिवस बसून गेले.

मी काकीला पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. उजवा पार पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन महिन्यांच्या आत उजव्याचं ऑपरेशन करून घ्या. नाहीतर आतला दाब वाढेल आणि मग आमच्याही हातात काही राहणार नाही. अर्ध्या तासाचं काम होतं. तारीखसुद्धा घेतली.

त्या तारखेच्या आधीच्या सोमवारी काकी बुवांकडे गेली. बुवांनी बॅटरी मारून तिचे डोळे पाहिले, हात हातात घेतला आणि हिंदी न बोलता म्हणाले, "बाय, तू देवांना डोले देतेस. हजारो देवांना दिलेस. तुझा उजेड त्यांच्याकडं जमा हाय, ते परत करतील. पण डोल्याला सुरी लागली, तर हातातली आखणी जाईल."

काकीनं घरी येऊन हे मला शब्दन्शब्द सांगितलं. सांगताना तिचा चेहरा उजळला होता. चाळीस वर्षं ही बाई आमच्या घरासाठी डोळे काढत होती. माझे वडील, काका, मी, आमच्यापैकी कुणी तिच्या कामाबद्दल इतकं चांगलं वाक्य कधी बोललं नव्हतं. आम्ही म्हणायचो, काकी, आवर, टेम्पो उभा आहे.

मग दीड वर्ष रोज पापण्यांना पोह्यांच्या गिरणीतली राख. मी सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. गिरणीत काय पाहिलं तेही सांगितलं. काकी म्हणाली, "राख कुठली का असेना गो, हात त्यांचा हाय ना?" उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं, तेव्हा ती स्वतःच मला समजावत होती, "प्रोसेस चालू हाय." आखणीला मी हमरापूरचा कारागीर ठेवला. काकी त्याच्या शेजारी बसून राहायची. तिचे ब्रश रोज सकाळी धुवायची, पुसायची आणि परत डब्यात ठेवायची. ते बघून मला बुवांच्या दाढीला काडी लावावीशी वाटायची.

अशात सिनेमावाले आले. पुण्याची पोरं होती, खिशात फारसं काही नव्हतं, पण उत्साह दांडगा. गावोगाव फिरणाऱ्या भोंदूबाबावर त्यांचा सिनेमा. आश्रमाच्या सीनसाठी मोठी मूर्ती हवी म्हणून कारखान्यात आले होते. दिग्दर्शक मला गोष्ट सांगू लागला. तरुण भोंदूबाबा पुण्याचा नट करणार होता. पण त्याचा म्हातारा गुरू सापडत नव्हता. या गुरूला एकच मोठा प्रसंग होता. शेवटी तो जमलेल्या गर्दीसमोर मूठ उघडतो, अंगारा खाली सोडतो आणि म्हणतो, "ही नुसती राख आहे. माझ्या हातात काही नाही. तुम्ही दवाखान्यात जा."

मी ते वाक्य त्याला परत म्हणायला लावलं. मग म्हटलं, गुरू माझ्या बघण्यात आहे. दाढी स्वतःची आहे, कपडेही त्याचेच आहेत.

माझा डाव सरळ होता. बुवांनी स्वतःच्या तोंडानं, गावासमोर, काकीसमोर हे बोलायचं. गर्दीतली माणसं मीच गोळा करून देणार होते. काकीला पहिल्या रांगेत उभी करणार होते. बुवांना एवढंच सांगितलं, की सिनेमात महाराजांचा रोल आहे. ते लगेच म्हणाले, "डेट्स बघायला लागतील." मग पिशवीतून एसटीचं जुनं तिकीट काढून त्यामागे बघितल्यासारखं केलं आणि होकार दिला.

शूटिंग जोह्याच्या बाहेर शेताच्या कडेला होतं. मांडव घातला होता. बुवा सकाळीच हजर, दाढीला ताजा कलप, बूट पॉलिश केलेले. कागद हातात पडल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. "ताई, हे बरोबर नाय," म्हणाले. पोट दुखतंय, घशाला त्रास आहे, गुरुमाउलीची परवानगी नाही, असं सगळं झालं. दिग्दर्शक शांतपणे म्हणाला, ठीक आहे, आमच्या जेवणावरच्या माणसाला दाढी चिकटवतो. तो माणूस लगेच पुढे आला आणि हात वर करून वाक्य म्हणून दाखवू लागला. बुवांनी ते अर्धंच ऐकलं. "बाजूला हो," म्हणाले. "हातवारे असे नसतात."

आणि मग सुरू झाले टेक. बुवा हात असे पसरायचे, आवाज असा लावायचे, की "ही नुसती राख आहे" हे ऐकून पुढच्या बायका राखेसाठी पदर पसरायच्या. दिग्दर्शक ओरडायचा, "कट! बुवा, खोटं वाटतंय. खरं बोला." दुसऱ्या टेकला डोळ्यांत पाणी आणलं. "कट! खोटं वाटतंय." तिसऱ्याला हिंदीत गेले. पाचव्याला "माझ्या हातात काही नाही" म्हणताना मूठ उघडायलाच विसरले. ज्या माणसानं वीस वर्षं धडधडीत थापा मारल्या आणि एकदाही अडखळला नाही, त्याला तीन खरी वाक्यं जमत नव्हती. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते आणि पोटभर हसत होते. दहाव्या टेकनंतर बुवा घाम पुसत माझ्याजवळ आले. "सवय नाय हो," एवढंच म्हणाले.

अकराव्या टेकच्या आधी उजेडासाठी गर्दी जरा फिरवली. बायका इकडच्या तिकडे झाल्या आणि त्या गडबडीत काकीचा हात माझ्या हातातून सुटला. कॅमेरा सुरू झाला. बुवांनी मूठ वर केली आणि समोर पाहिलं. सगळी गर्दी त्यांच्याकडे तोंड करून हात जोडून उभी होती. एकटी काकी भलतीकडे वळली होती. बाजूला उजेड फिरवायला एक माणूस थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उभा होता. काकीला तेवढंच काहीतरी उजळ दिसत असावं. ती त्या तक्त्याला हात जोडून, मान वाकवून उभी होती. तो माणूस ओशाळून तिला खुणा करत होता आणि तिला त्या दिसत नव्हत्या.

बुवा बघत राहिले. हात तसाच वर. मग मूठ आपोआप सैल झाल्यासारखी उघडली आणि राख त्यांच्याच बुटांवर पडली.

"ही नुसती राख हाय," बुवा म्हणाले. आवाज अगदी लहान होता. "माझ्या हातात काय नाय. दवाखान्यात जा." आणि मग कागदावर नसलेलं, "जा गो बाय. लवकर जा."

मला त्या क्षणी त्यांचा राग येईना आणि त्याचाच मला राग आला. दिग्दर्शकानं कट म्हटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. बुवा थेट दिग्दर्शकाकडे गेले. "कसा झाला? दाखवा बघू." दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहताना दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "पुढच्या पिक्चरला सांगा."

माझा डाव मात्र सपशेल फसला. लोक घरी जाताना बोलत होते, "काय अॅक्टिंग केली! खोटं बोलला, पण किती खरं वाटलं!" पुढच्या सोमवारी बुवांकडे रांग रस्त्यापर्यंत आली. सिनेमातले महाराज म्हणून नवे भक्त आले. तो तुकडा पुढे मोबाइलवर आला, तेव्हा बुवा एसटीत शेजारच्या प्रवाशाला तो दाखवू लागले. ज्यात ते आपल्या हातात काही नाही म्हणतात, तो तुकडा दाखवून अंगारा देऊ लागले.

एकीवरच परिणाम झाला. त्याच संध्याकाळी काकीनं लुगडं घडी करून पिशवीत भरलं आणि म्हणाली, "उद्या गाडी सांग गो. दवाखान्यात जायचंय."

मी विचारलं, आज कसं सुचलं हे?

"बुवांनी सांगितला," ती म्हणाली. "नाव नाय घेतला. पण 'गो बाय' बोलला तो मनाच बोलला, दुसऱ्या कुणाला नाय. लवकर जा बोलला."

काकी, अगं तो डायलॉग होता, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं. दीड वर्ष मी डॉक्टर, रिपोर्ट, शपथा सगळं करून थकले होते आणि या माणसाच्या चार शब्दांवर ती निघाली होती. मी गाडी सांगितली.

डावा डोळा वाचला. उजवा गेला, कायमचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आला असतात तर अर्ध्या तासाचं काम होतं. त्या रागावल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. मला वाटलं, बुवांना फरफटत आणून त्यांच्यासमोर उभं करावं. काकी पट्टी काढल्यावर आधी माझ्याकडे बघून म्हणाली, "किती वाळलीस गो," आणि मग तिनं स्वतःची बोटं पाहिली.

त्या मोसमात तिनं पुन्हा ब्रश घेतला. एका डोळ्यानं आखणी, दिवसाला चारच मूर्ती. पण बाप्पा समोर बघू लागले.

आणि बुवा आले. येणारच होते. दोन नवे भक्त बरोबर. कारखान्याच्या दारातून सुरुवात केली, "हीच ती बाय. आपल्या शब्दावर डोले आले हिचे." माझ्या हातात रंगाचा डबा होता. तो फेकायला मी उचललाही होता. पण काकीच उठली. "बुवा, जरा उजेडात या," म्हणाली. मूर्तीचं तोंड फिरवते तशी तिनं त्यांची हनुवटी धरून खिडकीकडे वळवली. एक डोळा बारीक करून कितीतरी वेळ पाहत राहिली. भक्तांना वाटलं, हा काही विधी आहे.

"डावा पिकलाय तुमचा," काकी म्हणाली. "उजव्यातपण धरलाय. मना लांबनं दिसला."

बुवांनी बोट वर केलं. "प्रोसेस चा..." आणि थांबले. भक्तांना बाहेर पाठवलं. मग माझ्याकडे न बघता, हळूच काकीला म्हणाले, "ठाव हाय. वरीस झाला. पण सुरी लागली आणि पावर गेली तर?"

"नाय जात," काकी म्हणाली. "माझी आखणी गेली काय? तुम्हीच सांगितलात, लवकर जा. चला उद्या."

मी म्हटलं, मी येणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी गेले, कारण काकीला एकटीला रस्ता ओलांडता येत नाही.

दवाखान्याच्या बाकावर बुवा हिरवा झगा आणि कागदी टोपी घालून बसले होते. माळा काढून घेतल्या होत्या. नर्सनं बूट काढायला लावले, तर पाय इतके लहान आणि पांढरे निघाले, की मी नजर वळवली. त्यांनी मला विचारलं, "ताई, दुखतं का हो? किती वेळ लागतो?"

"प्रोसेस चालू आहे," मी म्हटलं. मला बरं वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही.

आतून त्यांच्या आधीच्या पेशंटला बाहेर आणलं. बुवांनी काकीचा हात घट्ट धरला. "बाय," ते म्हणाले, "तुझ्याकडं अंगारा हाय काय गो?"

काकीनं कनवटीला हात घातला. पुडी होतीच. त्यांचीच, जुनी, चुरगळलेली. ती राख कुठल्या भट्टीतली, कुठल्या गाळणीनं गाळलेली, हे तिथं आम्हा तिघांनाही माहीत होतं. बुवांना सुनवायला दीड वर्ष तोंडात घोळवलेलं वाक्य, ही पोह्यांच्या गिरणीतली राख आहे, हे बोलायची हीच वेळ होती. मी त्यांचे बूट हातात धरून उभी राहिले. काकीनं चिमूटभर राख त्यांच्या कपाळाला लावली. बुवांनी डोळे मिटले आणि मान आणखी खाली केली.

"अजून जरा लाव," ते म्हणाले.